आरोग्याच्या कामात हयात गेलेल्या सर-मॅडमची स्मरणिका कशी काढावी

शल्यविशारदाची आठवण सांगायला वाचलेला रोगी पुढे येतो. पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवणाऱ्या, लसीकरण आणि पाणीशुद्धीत आयुष्य घालवलेल्या माणसाची पंचाईत अशी, की त्याने ज्यांना वाचवलं त्यांना आपण वाचलो हेच ठाऊक नसतं. गोवर झालाच नाही, पावसाळ्यात जुलाबाची साथ आलीच नाही, याची आठवण कोण सांगणार? मग स्मरणिकेची पानं ‘ऋषितुल्य’, ‘सेवाव्रती’, ‘दीपस्तंभ’ असल्या विशेषणांनी भरतात आणि वाचून झाल्यावर त्या माणसाने नेमकं काय केलं हे कळत नाही. तेव्हा शोधायचं ते काम. ते नोंदवह्यांत, विद्यार्थ्यांच्या सवयींत आणि एएनएमच्या (उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या) हातात असतं.

जामखेडच्या आरोळे दांपत्याबद्दल ‘ग्रामीण आरोग्याला वाहून घेतलेले थोर समाजसेवक’ असं लिहिलं, तर ते वाक्य आणखी पन्नास जणांना चालेल. त्याऐवजी असं लिहून पाहा: रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला प्रकल्प सुरू केला; गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, निवडून बाळंतपण, बालकांचं वजन, जुलाबावरचे उपचार शिकवले; १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. हे दुसऱ्या कुणाला चिकटवता येत नाही. स्मरणिकेतल्या प्रत्येक परिच्छेदाला हीच कसोटी लावा: नाव झाकलं तर तो दुसऱ्याचा म्हणून खपतो का? खपत असेल तर काढून टाका.

खोली आवरण्याआधी

स्मरणिकेचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दिवसकार्यानंतरची आवराआवर. दहा-पंधरा दिवसांत घरची मंडळी कपाट मोकळं करतात आणि ‘जुने कागद’ रद्दीत जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यात घरच्यांपैकी एकाला विश्वासात घेऊन सांगा: पुस्तकं हवी तर वाटा, पण हाताने लिहिलेला एकही कागद टाकू नका. तासिकांच्या टिपणवह्या, दौऱ्याच्या डायऱ्या, ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट, स्लाइडचे डबे, साथीच्या वेळी काढलेले हाती नकाशे, विद्यार्थ्यांची पत्रं. ही यादी घरी लिहूनच द्या, कारण ‘कागदपत्रं’ म्हटलं की लोक फक्त प्रमाणपत्रं बाजूला काढतात.

कागद हाती आले की आधी फोटो काढा, मग हलवा. कपाटातला क्रमही माहिती असतो. एका फायलीत शेजारी ठेवलेले दोन कागद बहुधा एकाच कामाचे असतात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो आणि लॅमिनेट केलेला कागद पुन्हा सुटा होत नाही. फाटका कागद पारदर्शक पिशवीत तसाच ठेवा. फोटोच्या मागे लिहायचं तर पेन्सिलीने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

वर्तमानपत्राला द्यायची बातमी पहिल्या दोन दिवसांतच लागते. दीडशे ते दोनशे शब्द पुरेत: पूर्ण नाव, वय, कुठे आणि कधी निधन, शेवटचं पद, कामाचं एक ठोस वाक्य, मागे कोण, अंत्यसंस्कार किंवा शोकसभेची वेळ. निधनाचं कारण घरच्यांनी सांगितलं तरच द्या. ही बातमी घाईत लिहिलेली असते, म्हणून पुढे स्मरणिकेसाठी तिचा आधार घेऊ नका. बातमीत चुकलेलं वर्ष मग शोकसभेच्या भाषणात, तिथून लेखात आणि शेवटी फलकावर कोरलं जातं, असा तिचा प्रवास असतो.

तारखा कशा पारखायच्या

आधी एक साधा तक्ता करा: वर्ष, पद, ठिकाण, पुरावा. पुरावा म्हणजे सेवापुस्तिका, नेमणुकीचा आदेश, बदलीचा आदेश, पदवी प्रमाणपत्र. चौथा रकाना रिकामा असेल तर ती ओळ अजून कच्ची. आणि सेवापुस्तिकेतली जन्मतारीख १ जून असेल तर घरी एकदा विचाराच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख असण्याचा संभव मोठा. दोन्ही तारखा ठाऊक असतील तर दोन्ही छापा, ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ असं म्हणून.

आठवणीतली वर्षं सरकतात. ती पकडायला सार्वजनिक आरोग्याचा आणि राज्याचा इतिहासच कामी येतो. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला, तेव्हा १९५८ मध्ये कुणी ‘झेडपीचे आरोग्य अधिकारी’ असू शकत नाही. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मधला, म्हणून ‘१९७९ च्या देवीच्या साथीत’ असं कुणी सांगितलं तर साथ तरी दुसरी किंवा वर्ष तरी दुसरं. पल्स पोलिओ सुरू झाला १९९५ मध्ये. त्याआधीचे पोलिओ डोस नेहमीच्या लसीकरणातले. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा. आशा ताई आल्या २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानानंतर. त्याआधीच्या आठवणीत ‘आशा’ आली तर ती बहुधा आरोग्य रक्षक, दाई किंवा अंगणवाडी ताई असते.

जिल्ह्यांचंही तसंच. लातूर आणि गडचिरोली हे जिल्हे १९८२ चे, जालना आणि सिंधुदुर्ग १९८१ चे, नंदुरबार आणि वाशीम १९९८ चे, पालघर २०१४ चा. १९७५ मध्ये (आताच्या लातूर जिल्ह्यातल्या) औशाच्या दवाखान्यात असलेला डॉक्टर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आणि उस्मानाबादचं नाव आता धाराशिव. लिहिताना तेव्हाचं नाव द्या आणि पहिल्या उल्लेखाला ‘आताचा’ म्हणून नवं नाव जोडा. उलट केलं तर जुने आदेश शोधणाऱ्याला काही सापडत नाही. पदवीचंही एक लक्षात ठेवा: आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये स्थापन झालं, त्याआधीच्या पदव्या मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा, शिवाजी अशा विद्यापीठांच्या.

मॅडमच्या बाबतीत शोध दोन नावांनी घ्या. एमडीचा प्रबंध अनेकदा माहेरच्या नावाने असतो आणि नंतरचे निबंध सासरच्या. प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतो, निबंध पबमेडवर (वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत). तिथे आडनाव आणि आद्याक्षरं यांच्या सगळ्या जोड्या करून बघा, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांचे निबंध यादीत घुसले नाहीत ना हे संस्थेचं नाव पाहून ठरवा.

मुलाखती: कुणाच्या आणि कशा

नेहमी होतं काय, की अधिष्ठाता, माजी संचालक, आमदार यांचे शुभेच्छा-छाप लेख आधी मागवले जातात आणि चालक, शिपाई, एएनएम, आरोग्य सेवक, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ राहूनच जातात. क्रम उलटा ठेवा. खेडोपाडी गाडी हाकणाऱ्या चालकाला साहेब कुठे थांबायचे, कुणाकडे चहा घ्यायचे, कुणावर रागवायचे हे सगळं माहीत असतं.

‘सर कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं: देवमाणूस. पुढे शांतता. त्याऐवजी कृती विचारा. गाडीतून उतरल्यावर सर पहिलं काय बघायचे? उपकेंद्रातली कोणती वही आधी मागायचे? फ्रिज उघडून काय करायचे? मग उत्तरं येतात. आयएलआरचं (लसी ठेवायच्या फ्रिजचं) झाकण उघडून थर्मामीटर स्वतः वाचायचे आणि दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या बाहेर पारा असला तर तापमानाच्या तक्त्यावरची मागच्या आठवड्याची सही कुणाची हे विचारायचे. गोवराचे डोस तळाशी, टीटीच्या (धनुर्वाताच्या लसीच्या) कुप्या वर आहेत का, आणि टीटीची कुपी थिजली आहे का हे हलवून बघायचे. आता हा माणूस दिसायला लागला. थिजलेली टीटी वाया जाते, म्हणून ते हलवणं. हे वाचकाला एका वाक्यात सांगा, कारण स्मरणिका वाचणारे सगळे डॉक्टर नसतात.

मुलाखत घरी घ्या, कचेरीत नको. साहेब शेजारी बसलेले असतील तर निवृत्त ताईसुद्धा मोजून बोलतात. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका; राहिलेलं दुसऱ्या दिवशी. फोनवर रेकॉर्ड करताना तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन वाक्यात कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद करा आणि फोन टेबलावर उघडा न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि ‘हे छापायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्या आवाजात घ्या. उतरवून काढायला मुलाखतीच्या पाच-सहा पट वेळ लागतो, हा हिशेब धरूनच मुलाखतींची संख्या ठरवा. बारा चांगल्या मुलाखती तीस अर्धवट मुलाखतींपेक्षा बऱ्या.

बोली तशीच ठेवा. बीडच्या ताईंचं बोलणं प्रमाण मराठीत धुऊन काढलं की सगळ्या मुलाखती एकाच माणसाने दिल्यासारख्या वाटतात.

एक धडा पूर्ण छापा

शिक्षकाची खरी आठवण त्याच्या तासात असते आणि स्मरणिकेत नेमका तोच नसतो. ‘सरांचं शिकवणं अविस्मरणीय’ असं दहा जण लिहितात, पण सर काय शिकवायचे हे कुणी लिहीत नाही. म्हणून एक धडा निवडा आणि टिपणवही, दोन-तीन बॅचच्या विद्यार्थ्यांच्या वह्या आणि मुलाखती जुळवून तो पूर्ण उभा करा, आकडेमोडीसकट. किमान सहा-सात पानं त्याला द्या.

विहिरीचं पाणी शुद्ध करण्याचा धडा याला उत्तम, कारण पीएसएमच्या जवळपास प्रत्येक शिक्षकाने तो विहिरीच्या काठावर उभं राहून घेतलेला असतो. तो असा छापता येईल. आधी विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजायची. दोरीला दगड बांधून, ओली दोरी किती ते बघायचं. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४, हे घनमीटर. त्याला १००० ने गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर तर ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ९४ ग्रॅम. हा ढोबळ हिशेब. नेमकी मात्रा हॉरॉक्सच्या (पाण्याची क्लोरीनची गरज मोजायच्या) संचाने काढतात, कारण गढूळ पाणी क्लोरीन जास्त खातं.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी लगदा करायचा, एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं आणि ती बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली, आडवी-तिडवी हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. एक तास कुणी पाणी भरायचं नाही. तासाने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन टाकून रंगावरून क्लोरीन मोजणं), लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. हे सगळं रात्री किंवा पहाटे, बायका पाण्याला येण्याआधी.

आता चुका कुठे होतात तेही त्याच धड्यात येऊ द्या, कारण चांगला शिक्षक तिथेच रमतो. पिशवी उघडी ठेवली की पावडरचा दम जातो. ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के, ओलसर गोदामातल्या पावडरीत त्याहून पुष्कळ कमी, आणि वजन मात्र तेवढंच. कोरडी पावडर थेट विहिरीत भिरकावणं ही सर्वांत आवडती चूक: वर फेस, खाली चुना, मध्ये जंतू तसेच. ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे झालं, असंही नाही. लगेच येणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा, हळूहळू गडद होत जाणारा संयुक्त क्लोरीनचा, आणि रंग वाचायचा तो दहा सेकंदांच्या आत. तुमचे सर या जागी रागवायचे का, हसायचे, की विद्यार्थ्याकडून पुन्हा मोजून घ्यायचे, ते मुलाखतींतून इथे भरा.

एक खबरदारी. जुन्या टिपणातलं सगळंच आज चालत नाही. जलसंजीवनीचं जुनं सूत्र ३११ मिलिऑस्मोलचं (पाण्यात विरघळलेल्या क्षार-साखरेच्या मापाचं) होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००२ मध्ये ते बदलून २४५ वर आणलं. टिपणात जुनं सूत्र असेल तर ते बदलू नका, पण त्याच पानावर तळटीप द्या. स्मरणिका घरात राहते, आणि कुणीतरी ती वाचून मीठ मोजतं.

‘बालमृत्यू शून्यावर आणले’

असं वाक्य जवळजवळ प्रत्येक स्मरणिकेत असतं, आणि ज्यांच्याबद्दल ते असतं त्यांनीच ते लाल शाईने खोडलं असतं. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण तीस जन्म होतात. एका वर्षी दोन बाळं दगावली तर दर हजारी ६७, पुढच्या वर्षी एकही नाही तर शून्य. काम तेच, माणसं तीच, फक्त आकडा लहान. म्हणून दर द्यायचाच असेल तर कमीत कमी पाच वर्षांचे जन्म आणि मृत्यू एकत्र करा, किती गावं, किती जन्म, किती मृत्यू हे आकडे उघड मांडा, आणि मृत्यू कुणी नोंदवले तेही सांगा. घरोघर विचारून काढलेला आकडा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपेक्षा बहुधा जास्तच असतो, तेव्हा आधीचा आकडा एकीकडून आणि नंतरचा दुसरीकडून घेतला तर सुधारणा नसताना सुधारणा दिसते.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. त्याच दहा वर्षांत रस्ता आला, शाळा आली, सरकारी लसीकरण वाढलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरोघरच्या नवजात बालसेवेचा परिणाम दाखवला तो ३९ गावांत काम करून आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून, तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ताडायला गावं नसतील तर ‘त्यांच्या काळात कमी झाले’ असं म्हणा, ‘त्यांनी कमी केले’ असं नको. दर नसेल तर काम मोजा: किती एएनएमना शिकवलं, किती शिबिरं, किती एमडीचे विद्यार्थी हाताखाली झाले. हे आकडे कागदावर सापडतात.

आणि श्रेयात घरच्यांचं, सहकाऱ्यांचं नाव घालताना ‘सौ.ची मोलाची साथ’ एवढ्यावर उरकू नका. बाईंनी काय केलं ते लिहा. अनेकदा दवाखाना त्याच चालवत होत्या.

फोटो आणि रोग्यांची नावं

कुष्ठरोग, क्षय, एचआयव्ही, गर्भपात, कुटुंब नियोजन यांतल्या कुणाचंही नाव किंवा चेहरा लेखी संमतीशिवाय छापू नका, चाळीस वर्षं झाली असली तरी. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. गावात पातळावरून आणि दारावरून माणूस ओळखतात. नोंदवहीचं पान छापायचं तर नावांचा रकाना स्कॅन करण्याआधीच कागदाने झाका. पीडीएफवर काढलेला काळा चौकोन कित्येकदा सहज हटवता येतो.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवले की ते आक्रसून येतात; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छापताना ज्या आकारात फोटो येणार त्या आकाराला ३०० डीपीआय लागतो, म्हणजे दोन इंची फोटो चार इंच छापायचा असेल तर स्कॅन ६०० वर करा. अल्बमला चिकटलेला फोटो उचकटू नका, पानासकट स्कॅन करा. समूहचित्राखाली ‘डावीकडून’ सगळी नावं. एक जण ओळखता आला नाही तर तसं लिहा, पण वगळू नका.

छपाई

डेमी आकार, १६ पानांचा एक फॉर्म. म्हणून एकूण पानं १६ च्या पटीत: ८०, ९६, ११२. एका पानावर बारा-तेरा पॉइंटात साधारण ३०० शब्द बसतात, त्यावरून लेखांची मर्यादा ठरवा आणि लेख मागवतानाच कळवा: ८०० शब्द. न सांगितल्यास तीन हजार येतात आणि कापले तर रुसवे. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, रंगीत फोटो एका स्वतंत्र आर्ट पेपरच्या फॉर्ममध्ये गोळा करा, स्वस्त पडतं.

निम्मे लेख युनिकोडमध्ये येतील, निम्मे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, काही कागदावर. फॉन्ट बदलताना रफार आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात: ‘वैद्यकीय’चं ‘वैदयकीय’ होतं, ‘कर्मचाऱ्यांनी’तला र गायब होतो, जोडाक्षरं सुटी पडतात. म्हणून मुद्रितशोधन बदलापूर्वी नव्हे, पानं लागल्यावर करा, आणि एकदा तरी नुसती नावं, पदव्या आणि वर्षं वाचत जा. कुटुंबाला एक प्रूफ दाखवा, पण त्यांनी दुरुस्त करायच्या त्या चुका; कुणाचा लेख गाळायचा हे ठरवणं संपादकाकडेच राहू द्या.

व्याख्यानमाला सुरू करायची टूम याच सुमाराला निघते. सुरू करा, पण पाच लाखांचा निधी सात टक्क्यांनी वर्षाला पस्तीस हजार देतो. त्यात वक्त्याचा प्रवास, सभागृह आणि छपाई बसत असेल तरच. पैसे संस्थेकडे देताना पत्रात ‘कायम निधी’ हा शब्द आणि व्याज कशासाठी हे स्पष्ट लिहा, नाहीतर मुद्दलच खर्ची पडतं.

प्रती कुठे जाव्यात

समारंभात वाटून उरलेल्या प्रती खोक्यात राहतात. आधीच यादी करा: ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम झालं ती सगळी, विभागाचं ग्रंथालय, जिल्हा ग्रंथालय, मुलाखत दिलेला प्रत्येक जण. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याखाली प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पुढे कुणी शोधायला निघाला तर पहिली तिथेच मिळेल. मूळ टिपणवह्या आणि रेकॉर्डिंग कॉलेजच्या ग्रंथालयाला देताना यादी करून पोच घ्या, आणि ध्वनिफितींची एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या डिस्कवर.

पहिल्या महिन्यात चुका कळवणारे फोन येतात. एक वही करा, पान क्रमांकासह नोंदवा, पुरावा मागा, आणि महिनाअखेरीस एकपानी शुद्धिपत्र काढून ते उरलेल्या प्रतींत चिकटवा. पीडीएफ दुरुस्त करून त्यावर दुरुस्तीची तारीख टाका, म्हणजे दोन आवृत्त्यांचा घोळ होत नाही.